दोन ऋतू, एकच फुलपाखरू

भाद्रपदातल्या संध्याकाळी मुक्ताईनगर परिसरातील पूर्णाकाठच्या एखाद्या केळीच्या बागेत थोडे थांबावे. दिवेलागणीची वेळ झाली, की झाडाखाली गळून सडू लागलेल्या केळ्यांवर एक तपकिरी फुलपाखरू येऊन बसते. दिवसा ते पाल्यापाचोळ्यात दडून असते. पंख मिटले, की त्यांच्या खालच्या बाजूवर डोळ्यांसारख्या गोल ठिपक्यांची रांग दिसते. तेच ठिकाण, तीच वेळ, पण महिना माघ किंवा फाल्गुन असेल, तर चित्र वेगळे असते. येणारे फुलपाखरू वाळलेल्या पानासारखे असते. ठिपके जवळजवळ पुसले गेलेले असतात आणि पंखाचे टोक पानाच्या टोकासारखे बाहेर आलेले असते. पाहणाऱ्याला वाटावे, ही दोन निरनिराळी फुलपाखरे आहेत. प्रत्यक्षात जात एकच आहे. इंग्रजीत तिला कॉमन ईव्हनिंग ब्राउन म्हणतात. ज्वारी, मका, भात आणि रानातील गवत हे तिच्या अळीचे खाद्य आहे आणि भारतभर ती आढळते.

एकाच जातीची, एकाच आईची संतती ऋतूनुसार दोन रूपे घेते, ही गोष्ट आज जीवशास्त्राच्या पुस्तकात सहज सापडते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मात्र ती सिद्ध करावी लागत होती आणि ती सिद्ध करण्याचा मार्ग एकच होता. अंडे शोधायचे, अळी पाळायची आणि वाट पाहायची. मुंबई इलाख्यात हे चिकाटीचे काम ज्या मोजक्या लोकांनी केले, त्यांत साताऱ्यात जन्मलेले एक स्कॉटिश गृहस्थ होते. त्यांचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. इंग्रजी वाचकांना ते 'ईएचए' या तीन आद्याक्षरांनी अधिक परिचित होते.

एटकिन यांचा जन्म १८५१ च्या ऑगस्टमधला. वडील जेम्स एटकिन हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते आणि त्यांचे ठाणे साताऱ्यात होते. त्या काळी साहेबांची मुले सहा-सात वर्षांची झाली, की शिक्षणासाठी विलायतेला पाठवली जात. एटकिन यांचे शिक्षण मात्र हिंदुस्थानातच आणि मुख्यतः वडिलांच्या हाताखाली झाले. मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, पुढे एम.ए. झाले आणि १८७० ते १८७६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होते. ग्रीक भाषाही त्यांना अवगत होती. प्राणिशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. जे शिकले ते उघड्या डोळ्यांनी.

१८७६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अध्यापन सोडून मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरी धरली. या खात्याची ठाणी मिठागरांच्या, बंदरांच्या आणि सरहद्दींच्या कडेला असत. कच्छच्या रणाच्या काठावरचे खाराघोडा, मुंबईसमोरचे उरण, गोव्याची सरहद्द, कारवार, रत्नागिरी अशा ठिकाणी त्यांची नेमणूक होत गेली. खाराघोड्यात मीठ, धूळ आणि ऊन याखेरीज काही नाही, अशी सहकाऱ्यांची तक्रार असे. एटकिन यांना तेथे बंगल्याच्या भिंतीवरच्या पाली, छपरातले उंदीर, अंगणातले कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या असा भरगच्च शेजार दिसला. त्यावर त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'तून हलकेफुलके लेख लिहिले. १८८३ साली त्यांचेच 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक झाले आणि हिंदुस्थानातील इंग्रजी वाचकवर्गात त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. त्या आठांत एटकिन होते. प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते. एटकिन हे संस्थेचे पहिले मानद सचिव झाले. १८८६ मध्ये संस्थेने नियतकालिक सुरू केले, तेव्हा स्टर्नडेल यांच्यासह त्याच्या संपादनाची जबाबदारीही त्यांनी उचलली. आपापल्या जिल्ह्यात एकाकी टिपणे काढत बसलेल्या हौशी निरीक्षकांना या नियतकालिकाने एकत्र आणले.

त्या वेळी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे बव्हंशी मृत नमुन्यांचा अभ्यास होता. हिंदुस्थानात फुलपाखरू पकडायचे, टाचणीला टोचून लंडनला पाठवायचे आणि तेथील विद्वानांनी पंखावरची नक्षी पाहून त्याला नाव द्यायचे, असा रिवाज होता. नक्षी वेगळी, म्हणून जात वेगळी, हे त्यामागचे गृहीतक. या पद्धतीतून गोंधळ होणे अटळ होते. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या नारिंगी पीकॉक पॅन्सीचे उदाहरण घेतले तरी पुरे. पावसाळ्यात तिच्या पंखांच्या कडा गोलसर असतात आणि खालच्या बाजूवर डोळे उमटलेले असतात. कोरड्या दिवसांत कडा कोनदार होतात आणि मिटलेले पंख सुक्या पानासारखे दिसतात. खुद्द लिनियसने १७५८ साली या दोन रूपांना दोन वेगळ्या जातींची नावे दिली होती. ही चूक निस्तरायला शतकाहून अधिक काळ लागला.

युरोपात या कोड्याला हात घातला तो ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने. तेथील एका फुलपाखराची वसंतातील पिढी नारिंगी आणि उन्हाळ्यातील पिढी काळी-पांढरी असते. उन्हाळी पिढीचे कोष थंडीत ठेवले, तर त्यांतून वसंतातील रूपाशी मिळतीजुळती फुलपाखरे बाहेर येतात, हे त्याने १८७५ साली मांडले. हिंदुस्थानात कलकत्त्याचे लायोनेल द नीसव्हिल यांनी १८८० च्या दशकात तपकिरी फुलपाखरे अंड्यापासून वाढवली आणि ठिपकेवाली व बिनठिपक्यांची रूपे एकाच जातीची आहेत, हा मुद्दा प्रयोगाने तडीस नेला. वेगळ्या नावांनी वावरणाऱ्या कित्येक जाती त्यानंतर एकमेकींत विलीन झाल्या.

मुंबई इलाख्यातही पश्चिम किनाऱ्यावर याच पद्धतीचे काम उभे राहत होते आणि तेथे खानदेशचा एक धागा येऊन मिळाला. जेम्स डेव्हिडसन हे मुलकी सेवेतील अधिकारी आधी खानदेशात होते. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची विभागणी १९०६ मध्ये झाली आणि आजचे मुक्ताईनगर, त्या वेळचे एदलाबाद, पूर्व खानदेशात गेले. डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी १८८० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केली होती. पुढे ते कारवारला कलेक्टर झाले. एटकिन यांची जकात खात्यातील नेमणूकही त्याच जिल्ह्यात होती. वन खात्यातील टी. आर. बेल हे तिसरे भिडू त्यांना तेथे मिळाले.

या तिघांचा उद्योग बाहेरच्या माणसाला पोरखेळ वाटला असता. अंडी घालणाऱ्या मादीवर नजर ठेवायची, तिने कोणते झाड निवडले ते पाहायचे, अळ्या घरी आणायच्या, रोज त्याच झाडाचा ताजा पाला त्यांना घालायचा, प्रत्येक कातीनंतर रंग आणि काटे टिपून ठेवायचे आणि कोषातून काय बाहेर येते याची वाट पाहायची. पाला शिळा झाला, मुंग्या लागल्या किंवा अळीच्या अंगात परजीवी माशीची पिल्ले निघाली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १८९० मध्ये डेव्हिडसन आणि एटकिन यांनी मुंबई इलाख्यातील फुलपाखरांच्या अळ्या व कोषांविषयीची टिपणे सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यानंतर १८९६ पासून बेल यांच्यासह तिघांचा उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवरचा दीर्घ लेख क्रमशः आला. ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत बिंगहॅम यांनी १९०५ साली फुलपाखरांचा खंड लिहिला, तेव्हा अळ्यांच्या वर्णनांसाठी ते वारंवार या तिघांच्याच कामाकडे वळले.

ज्याने अळी हाताळली आहे, त्याला फुलपाखराची जात पंखावर शोधण्याची घाई राहत नाही. त्याच्या लेखी फुलपाखरू म्हणजे अंडे, अळी, कोष आणि पाखरू असा पूर्ण प्रवास असतो. त्या प्रवासात केव्हा पाऊस होता आणि केव्हा नव्हता, याचीही नोंद त्याच्याकडे असते. रूप ही वाढीच्या अखेरीस उमटणारी गोष्ट आहे, हे पाळण्याच्या पेटीजवळ बसूनच उमगते. एटकिन आणि त्यांच्या मित्रांनी आनुवंशिकतेचा सिद्धांत मांडला नाही, पण असा सिद्धांत ज्या पायावर उभा राहतो, ती निरीक्षणाची सवय त्यांनी या इलाख्यात रुजवली.

मग हे दुहेरी रूप घडते कसे? याचे उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. आपल्या ईव्हनिंग ब्राउनच्या गोत्यातील एक आफ्रिकी फुलपाखरू, बायसायक्लस अनायनाना, नेदरलँड्समधील लायडनच्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवले गेले. अळीच्या शेवटच्या अवस्थेत तापमान उबदार ठेवले, तर ठळक डोळ्यांचे पावसाळी रूप येते. तापमान उतरवले, तर कोरड्या ऋतूचे रूप येते. तापमान रंग थेट बदलत नाही. ते कात टाकण्याचे नियमन करणाऱ्या संप्रेरकाची वेळ बदलते. कोषावस्थेच्या आरंभी हे संप्रेरक लवकर वाढले, की एक वाट धरली जाते आणि उशिरा वाढले, की दुसरी. पंखावर डोळा जेथे उमटायचा, तेथे एक विशिष्ट जनुक कार्यरत होत असल्याचे १९९६ साली दाखवले गेले. गमतीची बाब अशी, की हेच जनुक कीटकांच्या पायांच्या जडणघडणीतही काम करते. त्याच प्रयोगशाळेत मोठ्या डोळ्यांची आणि लहान डोळ्यांची फुलपाखरे वेगवेगळी निवडून वाढवली, तेव्हा काही पिढ्यांतच एकाच तापमानाला भिन्न ठिपक्यांचे वंश तयार झाले. म्हणजे हवामानाला कसा प्रतिसाद द्यायचा, ही गोष्टही वारशाने येते. अंड्यात दोन्ही उत्तरे असतात. प्रश्न ऋतू विचारतो.

या दोन रूपांमागे जगण्याचा हिशेब आहे. पावसाळ्यात हिरव्या पार्श्वभूमीवर तपकिरी फुलपाखरू लपू शकत नाही. अशा वेळी पंखाच्या कडेवरचे डोळे शत्रूची झडप शरीरापासून दूर, कडेकडे वळवतात. कडेचा तुकडा गेला तरी जीव वाचतो. पाचोळ्याच्या दिवसांत मात्र ठळक डोळा लक्ष वेधून घेईल, म्हणून तेव्हा निश्चल पान होऊन राहणेच हिताचे. ईव्हनिंग ब्राउनच्या कोरड्या ऋतूतील माद्या प्रजननही पुढे ढकलतात आणि नवे गवत उगवेपर्यंत तग धरून राहतात.

खानदेशातील शेतकऱ्याला हा प्रकार वेगळ्या वेशात ठाऊक आहे. कपाशीच्या पानामागे मावा प्रथम बिनपंखी असतो. त्याची दाटी झाली किंवा पानातला रस कमी झाला, की त्याच माद्यांना पंख असलेली पिल्ले होऊ लागतात आणि कीड शेजारच्या शेतात पोहोचते. या माद्या नराविना पिल्ले देतात, त्यामुळे पंखवाली आणि बिनपंखी बहीण यांचा जनुकीय वारसा जवळजवळ तोच असतो. मधमाश्यांच्या पोळ्यात राणी आणि कामकरी यांच्यातले अंतरही मुख्यतः अळीला मिळणाऱ्या आहारातून पडते.

एटकिन यांच्या आयुष्याचा पुढचा भागही कीटकांशीच जोडलेला राहिला. १९०२ मध्ये गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाने कर्मचारी हैराण झाले, तेव्हा त्याचा छडा लावून डासांचा बंदोबस्त सुचवण्याचे काम सरकारने त्यांच्यावर सोपवले. डास आणि हिवताप यांचे नाते रोनाल्ड रॉस यांनी उलगडून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. या शोधमोहिमेत एटकिन यांना अ‍ॅनोफिलिस डासाची एक नवी जात सापडली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. १९०३ मध्ये ते कराचीला जकात व मीठ महसुलाचे मुख्य कलेक्टर झाले. १९०५ अखेर सिंध प्रांताचे गॅझेटियर तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९०६ मध्ये निवृत्त होऊन ते एडिंबरोला गेले आणि १९०९ साली तेथेच त्यांचे निधन झाले. मागे 'बिहाइंड द बंगलो', 'अ नॅचरलिस्ट ऑन द प्राऊल', 'द कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे' अशी पुस्तके राहिली.

या पुस्तकांचे वाचन करताना एक विसंगती नजरेतून सुटत नाही. १८८९ च्या 'बिहाइंड द बंगलो'मध्ये बंगल्यातील हमाल, धोबी, घोडेवाला, आया यांची शब्दचित्रे आहेत. ती विनोदी आहेत आणि त्यांत जिव्हाळाही आहे. परंतु तेथे माणसे ठराविक साच्यातून काढल्यासारखी येतात. हमाल असाच असायचा, धोबी तसाच वागायचा. ज्या लेखकाने अळीच्या प्रत्येक कातीचा हिशेब ठेवला, त्याने दाराशी राबणाऱ्या माणसाची परिस्थिती, त्याची मजुरी, त्याला नाकारली गेलेली संधी यांचा हिशेब मांडला नाही. मिठावर कर गोळा करणाऱ्या खात्यातील अधिकाऱ्याकडून ती अपेक्षा करणे काहींना अवास्तव वाटेल. तरीही ज्याचे निरीक्षण इतके सूक्ष्म होते, त्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते.

त्यांच्या निधनाचे वर्ष विज्ञानाच्या इतिहासात वेगळ्या कारणाने लक्षात राहिले आहे. १९०९ मध्येच डेन्मार्कच्या योहानसेनने 'जीन' हा शब्द रूढ केला. त्याच वर्षी जर्मनीच्या वोल्टरेकने तळ्यातील सूक्ष्म पाणपिसवांवरील प्रयोगांतून दाखवले, की एकाच वंशातील पिसवांच्या डोक्यावरचा टोप अन्न कमी-जास्त झाले की लहान-मोठा होतो आणि या बदलाची रीत वंशागणिक निराळी असते. वारशाने येते ते एक ठाम रूप नसून परिस्थितीला प्रतिसाद देण्याची ठरलेली रीत, हा विचार येथे प्रथमच स्पष्ट शब्दांत आला. पुढची कित्येक दशके तो मागे पडला. अलीकडच्या काळात पुन्हा त्याचे महत्त्व ओळखले गेले आहे.

ते ओळखले जाण्यास एक कारण बदलते हवामान हे आहे. पावसाळा संपून हवा थंड होऊ लागते, ही अळीच्या दृष्टीने पुढच्या कोरड्या महिन्यांची आगाऊ सूचना असते. हजारो वर्षे ही सूचना बहुधा खरी ठरत आली. आता शरदातही उकाडा लांबत गेला, तर उबेला फसून अळी पावसाळी रूप धारण करील आणि ठळक डोळे मिरवीत सुक्या पाचोळ्यात उतरेल, अशी शक्यता आहे. बदलणे हा ज्याचा गुण, त्याला नव्या हवामानाशी जुळवून घेणे सोपे जाईल, असा कोणाचाही समज होईल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या बायसायक्लसवरील एका अभ्यासाने त्या समजाला धक्का दिला. ऋतूला प्रतिसाद देण्याच्या या रीतीत व्यक्तीव्यक्तींमध्ये जनुकीय फरक फारच थोडे आढळले. फरकच नसतील, तर निवडीला वाव कोठून मिळणार? दोन ऋतूंसाठी उत्तम तयारी असलेला जीव तिसऱ्या, अनोळखी ऋतूपुढे हतबल ठरू शकतो.

हे खरोखर घडते आहे काय, हे जाणण्यासाठी जागोजागच्या नोंदी हव्यात. कोणत्या महिन्यात कोणते रूप दिसले, त्या वेळी पाऊस आणि तापमान किती होते, एवढेच टिपायचे आहे. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कारवारच्या बंगल्यात जकात खात्याच्या एका अधिकाऱ्याने फावल्या वेळात हेच केले होते. मुक्ताईनगरच्या एखाद्या शाळेने केळीच्या बागेत संध्याकाळी येणाऱ्या त्या तपकिरी पाहुण्याची बारा महिने नोंद ठेवली, तर त्या वहीची किंमत पन्नास वर्षांनी कळेल.